आईला कुठे ठेवायचं

माझा भाऊ इसिदोरोस याच्याबरोबर प्रवास करण्यापेक्षा माणसाने एखादी शेळी बरोबर घ्यावी. शेळी दोरी ओढली की निदान पुढे तरी येते.

हे मी आईलाच सांगत होते. आई माझ्या मांडीवर होती, पत्र्याच्या पेटीत. बोट पिरेअसहून सुटली होती आणि इसिदोरोस कॉफी आणायला म्हणून गेला तो डेकवरच्या कुठल्याशा अनोळखी माणसाला आपल्या गुडघेदुखीची कथा सांगत बसला होता. माझी कॉफी त्याच्या हातात निवत होती, ते मला इथून दिसत होतं.

पिरेअसमध्ये मेलेल्याला कायमची जागा मिळत नाही. तीन वर्षं झाली की दफनभूमीतून निरोप येतो, तुमच्या माणसाला घेऊन जा, मागे रांग आहे. मग घरच्यांनी जायचं, हाडं वर काढायची, लाल वाइनने धुवायची, उन्हात वाळवायची आणि पेटीत भरून आपल्या अस्थिघरात ठेवायची. हे सगळं आम्ही आदल्या दिवशी केलं होतं. म्हणजे मी केलं. इसिदोरोस त्यासाठी सिरोसहून मुद्दाम आला आणि इतक्या मोठ्याने रडला, की खणणाऱ्या माणसाने कुदळ टाकून त्याला पाणी दिलं.

पण अस्थिघर कुठलं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. आईने हॉस्पिटलात माझा हात धरून सांगितलं होतं, मला माझ्या बेटावर ने, आस्प्रोनिसीला, माझ्या आईवडिलांजवळ. मला सांगितलं होतं, मला एकटीला. आस्प्रोनिसी म्हणजे नाक्सोसच्या पलीकडचा एक खडक, तीस-चाळीस घरं आणि त्याच्या दुप्पट बकऱ्या. तिथे पाद्रीही राहत नाही. आजूबाजूच्या तीन बेटांना मिळून एकच पाद्री आणि तो संत मामासच्या सणाला, सप्टेंबरच्या सुरुवातीला, तिथे येतो. तो आला की अस्थिघर उघडतं, तो गेला की बंद. सण उद्यावर आला होता. हुकला तर आईला परत आणून माझ्या शिवणयंत्राखाली ठेवावं लागलं असतं.

तेव्हा मला घाई होती. घाई या शब्दाचं आणि माझ्या भावाचं जन्मापासून वाकडं.

सिरोसला बोट लागली, तसा तो आला, थंड कॉफी माझ्या हातात कोंबली आणि पेटी उचलून चालायलाच लागला.

"अरे कुठे? आपल्याला इथे उतरायचं नाही!"

"ताई, दुपारी दुसरी बोट आहे. घरी चल, चार घास खाऊ. आईलाही जरा जमीन लागेल."

"आईला तीन वर्षं जमीनच लागलीये, मूर्खा!"

पण तो उतरला होता. आई त्याच्याजवळ, म्हणून मीही उतरले. बोटीने माझ्या तोंडावर फळी उचलली आणि ती निघून गेली.

सिरोसच्या या एर्मूपोली शहरात माझ्या भावाला चौक ओलांडायला एक बोट सुटेल एवढा वेळ लागतो. संगमरवरी फरशीवर प्रत्येक टेबलाशी त्याचा कोणी ना कोणी बसलेला. "काय रे, पेटीत काय?" "आई." की लगेच तो माणूस उठतो, टोपी काढतो, छातीवर क्रूस काढतो आणि आपल्या आईची गोष्ट सांगायला लागतो. मी मागून पर्सने त्याच्या पाठीत ढोसत होते. मग माझ्या लक्षात आलं, की त्याचं घर बंदराकडे आहे आणि आपण चढण चढतोय.

"घर तिकडे राहिलं."

"जरा वरून जाऊ. सावली आहे."

सावली कसली डोंबलाची! वर दफनभूमीचं फाटक होतं. फाटकात आमची उरानिया आत्या, पायापासून डोक्यापर्यंत काळ्या कपड्यांत, हातात तबक. तबकात मेलेल्यांच्या नावाने वाटायचे उकडलेले गहू, वर साखर, बेदाणे, रुपेरी गोळ्या. तिच्यामागे दोन चुलतभाऊ. त्यांच्यामागे पाद्री, धुपाटणं पेटवून तयार. माझ्या बाबांच्या अस्थिघराचं दार सताड उघडं.

"आणलीस का रे पोलिक्सेनीला?" आत्याने विचारलं. "केव्हाची उभी आहे मी. गहू वाळले."

मी भावाकडे पाहिलं. तो धुपाटण्याकडे पाहत होता.

"ताकाला जाऊन भांडं काय लपवतोस?" मी म्हटलं. "बोल आता."

"ताई, शांतपणे ऐक. ओरडू नकोस, पाद्रीबाबा आहेत. आईने मला सांगितलं होतं. मला तुझ्या बाबांजवळ ठेव म्हणून. हॉस्पिटलात. माझा हात धरून."

"खोटारड्या!"

"आईची शपथ!"

"घे ना. पेटीवर हात ठेवून घे. ती आहेच इथे."

त्याने पेटीवर हात ठेवला आणि शपथ घेतली. यानेच माझं डोकं जास्त फिरलं. इसिदोरोस आळशी आहे, खादाड आहे, पण देवाला इतका भितो, की खोटी शपथ त्याच्या तोंडून निघणार नाही. मग आई भ्रमात बोलली असणार, मी ठरवलं. तो भेटायला आला तेव्हा तिला ताप होता.

"बायकोची जागा नवऱ्याजवळ," आत्या म्हणाली. "यात एवढं काय आहे? माझा भाऊ आत एकटा पडलाय."

"एकटा कसा? तुमची आई आहे की शेजारी. आत्या, माझ्या आईने तुमच्या आईबरोबर एका स्वयंपाकघरात बारा वर्षं काढली. आता मेल्यावर परत एका फळीवर?"

"माझ्या आईला नावं ठेवू नकोस हं, एव्हान्थिया!"

"नावं कुठे ठेवली? वर्षं मोजली."

पाद्री खोकले. कोळसा विझत चाललाय, म्हणाले. तेव्हा माझ्या भावाला बुद्धी सुचली. आयुष्यात त्याला जेव्हा जेव्हा बुद्धी सुचली, तेव्हा घरावर संकट आलेलं आहे.

"असं करू या का?" तो म्हणाला. "थोडी इथे ठेवू. थोडी तू तिकडे ने."

चुलतभावांतल्या एकाने मान डोलावली, त्याला आत्याने कोपर मारलं.

"बाळा," पाद्री म्हणाले, "वाटून घेतात ती संतांची हाडं. ही तुझी आई आहे."

तो ओशाळला, तेवढ्यात मी त्याच्या काखेतून पेटी काढून घेतली आणि उतार धरला. आई जिवंतपणीही हलकी होती, आता तर काही विचारूच नका. मागून आत्या ओरडत होती, की आमच्या घराण्याचं नाक कापलंस. त्याच्याही मागून इसिदोरोस धापा टाकत येत होता, हातात गव्हाचं तबक. तबक का आणलंस म्हणून विचारलं, तर म्हणे, वाटेत भूक लागली तर?

"तू कशाला येतोस आता? झालं ना तुझं नाटक?"

"तिला तुझ्या एकटीच्या हवाली नाही करणार मी," तो म्हणाला. एरवी कधी न दिसणारा हट्ट त्याच्या तोंडावर होता. "ती माझीही आई आहे."

दुपारची बोट आम्हांला पारोसवरून नाक्सोसला घेऊन गेली आणि तिथे वारा उठला. आमच्या उन्हाळ्यातला वारा मैदान मिळालं की पोरासारखा उधळतो. बंदरावरच्या माणसाने फळ्यावर खडूने लिहिलं, पुढच्या बोटी रद्द. उद्या? मी विचारलं. त्याने आकाशाकडे हात केला, म्हणजे देवाला विचारा. आणि सण तर उद्याच होता.

किल्ल्याखालच्या गल्लीत एका बाईकडे खोली मिळाली. बाई चांगली होती, चादरी स्वच्छ, दारात तुळशीची कुंडी. पेटी बघून तिने विचारलं, "यात काय?" मी "शिवणाचं सामान" म्हणणार, तोच माझा भाऊ म्हणाला, "आई."

बाईने तीनदा क्रूस काढला. "देव तिला शांती देवो. तुम्ही वर जा. पण ती घरात नाही येणार. माझ्या सुनेला सातवा महिना आहे."

"मग कुठे ठेवू हिला?"

"देवळात."

देवळाला कुलूप होतं आणि किल्लीवाला कुठल्याशा गावी लग्नाला गेला होता. शेवटी बाईनेच अंगणात लिंबाखाली खुर्ची ठेवली, खुर्चीवर पेटी, पेटीवर आपला इस्त्रीचा टेबलक्लॉथ. आम्ही दोघं दोन बाजूंना बसलो. समोर गल्लीतून परदेशी लोक समुद्रातला तो जुना संगमरवरी दरवाजा बघायला चालले होते. त्यांतल्या एकीने आमचा फोटो काढला. मी इसिदोरोसला म्हटलं, बघ, तुझ्या कृपेने आता आई परदेशीही जाणार.

तो गहू खात होता.

"तिला सिरोस आवडायचं," तो म्हणाला. "दर उन्हाळ्यात यायची ना माझ्याकडे. म्हणायची, इसिदोरोस, इथली हवा मला मानवते."

"मला येऊन सांगायची, तिकडे माझा दमा वाढतो."

"दमा? माझ्याकडे कधी खोकली पण नाही!"

"तुझ्याकडे कशाला खोकेल? तुला काळजी वाटली असती ना."

"आणि तुझ्याकडे तिला झोप लागायची नाही. शिवणयंत्राच्या आवाजाने."

हे मला माहीत नव्हतं. आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मी विचारलं होतं, यंत्राचा त्रास तर नाही ना होत? उलट बरं वाटतं, म्हणाली होती, घरात कोणी आहे असं वाटतं. मी त्या रात्रींना उशिरापर्यंत मुद्दाम यंत्र चालवायचे. तबकातले मूठभर गहू मी भावाच्या हातातून ओढून घेतले आणि चावत बसले, म्हणजे बोलावं लागू नये.

सकाळी वारा थोडा बसला, पण मोठी बोट नाहीच. मिकेस नावाचा एक कोळी आपल्या होडीतून सणासाठी टोमॅटो आणि बर्फ घेऊन आस्प्रोनिसीला निघाला होता. मी त्याच्या मागे लागले. त्याने पेटीकडे पाहिलं, आकार पाहिला, तिचं वरचं क्रूस कोरलेलं झाकण पाहिलं. होडीतून हाडं नेणं म्हणजे समुद्राला निमंत्रण, असं आमचे खलाशी मानतात. इसिदोरोसने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला, टाच रोवून.

"मी काही विचारलं नाही," मिकेस म्हणाला. "तुम्ही काही सांगितलं नाही. पेटी पुढे नको, मागे ठेवा. आणि वाटेत तिच्याशी बोलू नका, मला ऐकू येतं."

त्या वाटेत माझा भाऊ कुणाशीच बोलण्याच्या अवस्थेत नव्हता. तो होडीच्या काठावरून खाली वाकला होता आणि सिरोसचे गहू समुद्राला अर्पण करत होता. मला त्याची दया यायला हवी होती. पण मी लाटा अंगावर घेत, पेटी गुडघ्यांत धरून, एवढाच विचार करत होते की आता पोचलो, आता हिला हवं तिथे ठेवलं की मी सुटले. बेटावर राहणारी मावशी आम्हांला बघून रडेल, मला जवळ घेईल, म्हणेल, पोरी, तू आईचा शब्द राखलास. हो, हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

संत मामासचं देऊळ धक्क्यावरच आहे. प्रार्थना संपली होती, लोक लांब टेबलांवर बकऱ्याचा रस्सा खात होते. पाद्री लेफ्तेरिस हात पुसत आमच्याकडे आले. अस्थिघर उघडं आहे, म्हणाले, पण लवकर करा, संध्याकाळी मला पलीकडच्या बेटावर बाप्तिस्मा आहे. आणि देवळाच्या भिंतीला टेकून, दगडी बाकावर, काठीवर हनुवटी ठेवून आर्गिरो मावशी बसली होती. आईची मोठी बहीण. नव्वदीला आली आहे, कान आणि जीभ दोन्ही शाबूत.

मी तिच्या पुढ्यात पेटी ठेवली.

"मावशी, आणलं तिला."

मावशीने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कशाला?"

"म्हणजे काय कशाला? तिची इच्छा होती!"

"कोणी सांगितलं? ती मला फोनवर म्हणाली होती, आर्गिरो, मी पिरेअसलाच राहीन, मुलांना तसं सांगून ठेवलंय. शेवटच्या ईस्टरला म्हणाली."

इसिदोरोस, हिरवापिवळा पडलेला, जमिनीवर बसला होता. तो हसायला लागला. मी त्याला लाथ घालणार होते, पण पाद्री बघत होते.

"भ्रमात असेल," मी म्हटलं.

"भ्रमात? तिने मला तिच्या शेजारच्या एका कोळ्याच्या विधवेची सगळी भानगड इत्थंभूत सांगितली. चांगली शुद्धीत होती." मावशीने काठी आपटली. "आणि तुम्ही तिला काय बोल लावता? मीच तिला म्हटलं होतं. म्हटलं, तू लग्न करून गेलीस सिरोसला, मग पिरेअसला. म्हातारा-म्हातारी मी सांभाळली, त्यांचं गूमूत मी काढलं. आता हाडं होऊन माझ्या दारात येऊ नकोस. तर म्हणाली, बरं, मी इथेच राहते."

कोणीतरी टेबलावर गाणं सुरू केलं होतं. इसिदोरोस हसायचा थांबला.

"मी तिला विचारलं होतं," तो हळूच म्हणाला. "म्हणजे मी म्हटलं, आई, तू बाबांजवळ असलीस तर मला रविवारी दिवा लावायला यायला जवळ पडेल. तर ती म्हणाली, मग तिथेच ठेव मला."

आता दोघं माझ्याकडे पाहत होते. मी म्हणणार होते, की माझं तसं नाही, मला तिने आपणहून सांगितलं. तोंड उघडलं आणि ते वाक्य आलंच नाही. हॉस्पिटलातली ती दुपार आली. मी खुर्चीत बसले होते, तिचा हात माझ्या हातात, म्हणजे हात मीच धरला होता. आणि मीच म्हणाले होते, आई, तुला तुझ्या बेटावर नेऊ ना? आजी-आजोबांजवळ? ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "ने." एवढंच. बाकीचं वाक्य तीन वर्षं मी शिवत बसले होते.

"मग तिला हवं होतं तरी काय?" इसिदोरोस म्हणाला.

"तिला!" मावशी उखडली. "तिला कोणी विचारलं होतं कधी? बापाने विचारलं? सिरोसच्या त्या मुलाला हो म्हण, तर हो म्हणाली. तुम्ही विचारलंत? मी विचारलं?"

मला राग आला. इतका राग मला ना भावाचा आला होता, ना वाऱ्याचा. मी सगळ्या सणासमोर त्या पेटीवर ओरडले. "अगं बाई, एकदा तरी बोलायचं होतंस! मी काय तुला खाल्लं असतं? नको म्हणाली असतीस तर मी काय मेले असते?" लोकांचे चमचे थांबले. पाद्री लेफ्तेरिस पुढे आले, तर मावशीने काठी आडवी धरून त्यांना अडवलं. ओरडू दे म्हणाली.

मी ओरडून संपले. मग रडून संपले. इसिदोरोस माझ्याजवळ सरकून बसला आणि या खेपेला अगदी आवाज न करता रडला.

"निर्णय घ्या," पाद्री थोड्या वेळाने म्हणाले. "मला जायचंय."

मावशीने काठी टेकली आणि उठली. "मी तिला येऊ नको म्हटलं ते रागाने. आता मला ती हवी आहे. तुम्हांला पाहिजे तर पाठवा परत सिरोसला, मी काय करणार. पण मला हवी आहे. दोन वर्षांत मीही त्याच फळीवर जाईन. भांडायला कोणी तरी लागेल."

"आणि दिवा?" इसिदोरोसने विचारलं.

"मी लावीन. माझ्यानंतर तू ये. वांत्या करत ये."

तो माझ्याकडे वळला. मी होकारार्थी मान डोलावली. मला आता हरकत घ्यायला तोंड नव्हतं आणि खरं सांगायचं तर, त्या दोन दिवसांत आपल्याला काय हवंय ते सरळ सांगणारी मावशीच पहिली भेटली होती. आम्ही दोघांनी पेटी दोन बाजूंनी धरली. अस्थिघर म्हणजे देवळामागची पांढरी खोली, ताज्या चुन्याचा वास येणारी. एका फळीवर आजी-आजोबांच्या पेट्या होत्या आणि मधे पुसून, रिकामी ठेवलेली जागा. आम्ही मावशीकडे पाहिलं. तिने दुसरीकडे पाहिलं.

पेटी फळीवर सरकवली. पाद्रींनी प्रार्थना म्हटली, वाइन शिंपडली. दार लावायच्या आधी मावशी पुढे झाली आणि पेटीच्या झाकणावर बोटाने टकटक केलं.

"पोलिक्सेनी," ती म्हणाली. "इथे ठेवतोय तुला. चालेल ना?"

आणि आम्ही थांबलो, देवाशपथ. मी, माझा भाऊ, ती म्हातारी, पाद्रीसुद्धा. कान देऊन थांबलो.

"बघा," मावशी म्हणाली. "अजूनही नाही म्हणत नाही."